गुंज, एरंड आणि एर्लिख

सोनाराच्या तराजूत एके काळी गुंजेला मोठा मान होता. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक जुन्या पिढीला तोंडपाठ असे. एरंडाची ओळख तर करून द्यायलाच नको. एरंडेलाचा चमचा पुढे आला की पळून गेला नाही असा मुलगा पूर्वीच्या घरांत विरळाच. परंतु लालभडक गुंजेच्या आणि ठिपकेदार एरंडीच्या पोटात दोन जहाल विषे दडलेली असतात. गुंजेतील विषाला अब्रिन आणि एरंडीतील विषाला रिसिन म्हणतात. रिसिन काढलेल्या तेलात उतरत नाही, चोथ्यातच राहते, म्हणून एरंडेल पोटात घेता येते. १८९१ साली बर्लिनमधील सदतीस वर्षांच्या एका डॉक्टरांनी ही दोन्ही विषे उंदरांना देऊन पाहिली. शरीर परक्याला नेमके ओळखते कसे, या प्रश्नाच्या उत्तराची वाट त्या उंदरांच्या पिंजऱ्यापासून सुरू झाली. त्या डॉक्टरांचे नाव पॉल एर्लिख.

एर्लिख यांचे नाव बहुतेकांच्या कानावर असते ते उपदंशावरील औषधामुळे. केमोथेरपी हा आज प्रत्येकाला ठाऊक असलेला शब्दही त्यांनीच रूढ केला. पण त्यांच्या औषधापेक्षा त्यांचा एक विचार अधिक दीर्घायुषी ठरला. शत्रू येण्यापूर्वीच त्याला पकडण्याचे साधन शरीराजवळ तयार असते, हा तो विचार. तो मांडला गेला, गाजला, चेष्टेचा विषय झाला, अडगळीत पडला आणि सुमारे साठ वर्षांनी नव्या रूपात परत आला. त्याच्या जन्मदात्याचे आयुष्यही असेच चढउतारांचे होते.

१४ मार्च १८५४ रोजी प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातील श्ट्रेलेन या लहानशा गावी एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात एर्लिख यांचा जन्म झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. शाळेत त्यांनी फारशी चमक दाखवली असे नाही. निबंध आणि परीक्षा यांचा त्यांना मनस्वी कंटाळा. मात्र आईच्या बाजूने एक भाग्य त्यांना लाभले. त्यांचे मामेभाऊ कार्ल वाइगर्ट हे त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे होते आणि पुढे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ झाले. त्या काळी जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग बनवण्याचा उद्योग भरभराटीला आला होता. कापडाला लावायचे हे रंग वाइगर्ट यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतींना आणि जंतूंना लावून पाहिले. त्या रंगांनी धाकट्या भावाला जी भुरळ घातली ती जन्मभर उतरली नाही.

ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग, लाइपझिग अशी विद्यापीठे बदलत एर्लिख यांनी वैद्यकाचे शिक्षण पुरे केले. व्याख्यानांपेक्षा त्यांचा वेळ रंगांच्या बाटल्यांत जाई. हाताची बोटे आणि टेबलाचा पृष्ठभाग कायम निळा, तांबडा, जांभळा झालेला असे. रॉबर्ट कॉख एकदा ब्रेस्लाउला आले असता तेथील प्राध्यापकांनी या विद्यार्थ्याची ओळख रंगकामात तरबेज, पण परीक्षेत कधीच पास न होणारा मुलगा अशी करून दिली, अशी आख्यायिका आहे. ते भाकीत खरे ठरले नाही. १८७८ साली एर्लिख यांना लाइपझिगची डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय अर्थातच ऊतींचे रंजन हा होता.

या छंदामागे एक प्रश्न होता. एकाच पातळ कापात शेजारी शेजारी असलेल्या पेशींपैकी एक पेशी निळा रंग शोषते आणि दुसरी त्याला स्पर्शही करू देत नाही, असे का व्हावे? हा केवळ भिजण्याचा प्रकार असता तर सारेच सारखे रंगले असते. ज्या अर्थी पेशी निवड करते, त्या अर्थी रंगाच्या रेणूत आणि पेशीतील एखाद्या घटकात काही नेमके रासायनिक नाते असले पाहिजे, अशी एर्लिख यांची धारणा झाली. जो पदार्थ चिकटत नाही तो कार्यही करत नाही, हे सूत्र त्यांनी मनाशी पक्के केले. त्यांचे पुढचे सारे संशोधन या एका सूत्राचा विस्तार आहे.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात नोकरी लागताच त्यांनी रंग रक्ताकडे वळवले. तोपर्यंत पांढऱ्या पेशी या नावाखाली एकत्र मोजल्या जाणाऱ्या पेशींचे त्यांनी रंगांच्या आवडीनुसार गट पाडले. आज रक्ततपासणीच्या कागदावर न्यूट्रोफिल, इओसिनोफिल असे जे रकाने छापलेले असतात, ती नावे म्हणजे त्या रंगांच्या आवडीचीच नोंद होय. त्यांनी वेगळ्या काढलेल्या पेशींत लिम्फोसाइट नावाच्या साध्यासुध्या गोल पेशीही होत्या. पुढे ज्या रहस्याच्या मागे ते आयुष्यभर लागले, त्याची किल्ली याच पेशींत होती. हे मात्र त्यांना कधी कळले नाही.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा एर्लिख श्रोत्यांत होते. त्या सभेतून ते थेट कामाला लागले आणि क्षयाचा जंतू रंगवण्याची अधिक चांगली रीत त्यांनी लवकरच शोधून काढली. एकदा रंग घेतला की हा जंतू आम्लाने धुतले तरी तो सोडत नाही, हे त्या रीतीचे मर्म. रंग लावलेल्या काचा त्यांनी वाळण्यासाठी थंड शेगडीवर ठेवल्या, कोणीतरी नकळत ती पेटवली आणि उष्णतेने रंग अधिक पक्का बसतो हे ध्यानात आले, अशी कथा सांगतात. झील व नीलसन यांनी सुधारलेल्या याच पद्धतीने आपल्याकडील अनेक आरोग्य केंद्रांत आजही थुंकीतील क्षयाचे जंतू शोधले जातात.

ज्या जंतूला त्यांनी रंगवले, त्यानेच पुढे त्यांना गाठले. १८८८ साली त्यांना स्वतःच्याच थुंकीत क्षयाचे जंतू दिसले. दरम्यान शारिटेतील त्यांचे पाठीराखे प्राध्यापक फ्रेरिख्स वारले होते आणि नव्या प्रमुखांना रंगांच्या प्रयोगांत रस नव्हता. पत्नी हेडविग यांच्यासह एर्लिख इजिप्तच्या कोरड्या हवेत गेले, बरे झाले आणि १८८९ मध्ये परतले. परतले तेव्हा हाती नोकरी नव्हती. खासगी प्रयोगशाळेत काम सुरू झाले. पुढे १८९१ मध्ये कॉख यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत जागा दिली.

याच सुमारास वैद्यकात मोठी घटना घडली होती. १८९० च्या डिसेंबरात एमिल बेहरिंग आणि जपानचे शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले की धनुर्वात किंवा घटसर्प यांच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातील सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पिवळसर द्रव, दुसऱ्या प्राण्यालाही त्या रोगापासून वाचवतो. रक्तात काहीतरी विषाचा प्रतिकार करणारे निर्माण होते, हे स्पष्ट झाले. ते काय, किती आणि कोठून येते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

एर्लिख यांनी जंतू बाजूला ठेवले आणि मोजता येतील अशी विषे घेतली. येथे गुंज आणि एरंडी त्यांच्या कामी आली. उंदरांना प्रथम अतिशय सौम्य मात्रा आणि मग क्रमाक्रमाने वाढती मात्रा दिली गेली. सुरुवातीचे काही दिवस उंदीर पूर्वीइतकेच दुबळे दिसत. मग एकाएकी त्यांच्यात बळ येई आणि हळूहळू ते पूर्वीच्या मारक मात्रेच्या कित्येक पट विष पचवू लागत. याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. रिसिन पचवणारा उंदीर अब्रिनच्या साध्या मात्रेने मरत असे, आणि अब्रिनला सरावलेला उंदीर रिसिनने. दोन्ही विषे वनस्पतींतली, दोघांचे परिणामही मिळतेजुळते. तरी शरीर त्यांच्यात गल्लत करत नव्हते. म्हणजे प्रतिकार ही अंगात येणारी मोघम ताकद नव्हती. ती एका विशिष्ट शत्रूची विशिष्ट ओळख होती.

पुढच्या वर्षी त्यांनी उंदरांच्या पिलांची अदलाबदल केली. विषाला सरावलेल्या मादीची पिले साध्या मादीकडे आणि साध्या मादीची पिले सरावलेल्या मादीकडे दूध पिण्यास ठेवली. जी पिले सरावलेल्या मादीचे दूध प्याली, ती जन्माने परकी असूनही विषातून वाचली. बापाचा सराव मात्र पिलांपर्यंत पोचत नव्हता. आईकडून मिळालेले हे संरक्षण उसने असते आणि काही काळाने ओसरते. स्वतःच्या शरीराने कमावलेले संरक्षण टिकाऊ असते. कमावलेली आणि उसनी अशी प्रतिकारशक्तीची ही विभागणी आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. आईच्या पहिल्या दुधाचा आग्रह डॉक्टर धरतात, त्यामागील शास्त्राचा एक आरंभबिंदू या पिंजऱ्यांत आहे.

हे ज्ञान लगेच कसाला लागले. घटसर्प हा त्या काळी युरोपातील मुलांचा काळ होता. घशात करड्या रंगाचा पापुद्रा धरे, श्वास कोंडे आणि आईबापांच्या डोळ्यांदेखत मूल गुदमरून जाई. बेहरिंग यांचे सीरम तत्त्वतः बरोबर होते. पण ते इतके कमजोर आणि बेभरवशाचे होते की रुग्णालयात त्याचा उपयोग होईना. उंदरांवर कमावलेली वाढत्या मात्रेची कला एर्लिख यांनी मोठ्या जनावरांवर वापरली आणि सीरमची ताकद अनेक पटींनी वाढली. १८९४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधील रुग्णालयांत २२० मुलांवर झालेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रोगाच्या पहिल्या एकदोन दिवसांत ज्यांना सीरम मिळाले ती जवळजवळ सारी मुले वाचली होती. जसजसा उशीर, तसतसा धोका वाढत होता. त्याच वर्षी होख्स्ट या कारखान्याने हे सीरम बाजारात आणले. सर्पदंशावर मुंबईच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून जे प्रतिविष तयार केले, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

या यशाने दोन मित्र मात्र दुरावले. सरकारी संस्थेचे संचालकपद मिळेल या आशेवर एर्लिख यांनी सीरमच्या नफ्यातील आपला वाटा सोडला. बेहरिंग श्रीमंत झाले, आणि १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिकही एकट्या बेहरिंग यांच्या नावे जाहीर झाले. आपल्याला यातून वगळले गेले, ही बोच एर्लिख यांच्या मनातून कधी गेली नाही. ज्यू असल्यामुळे विद्यापीठांची दारे त्यांच्यासाठी नीटशी उघडत नव्हतीच. पूर्ण प्राध्यापकाचे पद त्यांना मिळाले ते थेट १९१४ साली, फ्रँकफुर्टचे नवे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा. धर्म बदलला असता तर ही वाट कदाचित सोपी झाली असती; त्यांनी तो बदलला नाही.

१८९६ मध्ये बर्लिनजवळ स्टेग्लित्स येथे सीरमची प्रत ठरवणारी छोटी संस्था त्यांच्या हाती आली. काम वरकरणी रटाळ होते. कोणत्या बाटलीत किती ताकद आहे हे ठरवायचे, म्हणजे डॉक्टरांना मात्रा कळेल. पण विष साठवून ठेवले की त्याचा जोर कमी होत जातो. मग मोजपट्टी म्हणून ते वापरायचे कसे? मोजता मोजता एर्लिख यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. जुने झालेले विष प्राण्याला मारू शकत नव्हते, पण प्रतिविषाला मात्र पूर्वीइतकेच धरून ठेवत होते. विंचवाची नांगी मोडावी आणि पुढच्या नांग्यांची पकड तशीच राहावी, तसा हा प्रकार होता. म्हणजे विषाच्या रेणूचे दोन निरनिराळे भाग असले पाहिजेत, एक पकडणारा आणि दुसरा मारणारा. मारणारा भाग गेलेल्या विषाला त्यांनी टॉक्सॉइड हे नाव दिले. विषाऐवजी प्रतिविषाचेच कोरडे, निर्वात नळीत जपलेले प्रमाण त्यांनी मोजपट्टी म्हणून ठरवले आणि १८९७ मध्ये हे सारे प्रसिद्ध केले.

त्याच लेखात त्यांनी आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. पेशीच्या अंगावर अनेक प्रकारच्या रासायनिक बाहू असतात, आणि त्यांच्या साहाय्याने ती अन्नकण पकडते, अशी त्यांची कल्पना. या बाहूंना त्यांनी पार्श्वशृंखला म्हटले. पुढे ग्राही हा शब्द रुळला. एमिल फिशर यांनी विकरांसाठी दिलेली कुलूप आणि किल्लीची उपमा येथे चपखल बसत होती. एखाद्या विषाचा पकडणारा भाग योगायोगाने एखाद्या बाहूत नेमका बसतो आणि तो बाहू निकामी होतो. पेशी त्याची भरपाई करू लागते, पण गरजेपेक्षा कितीतरी अधिक बाहू तयार करते. जादा बाहू पेशीवरून गळून रक्तात उतरतात आणि विषाला पेशीपर्यंत पोचण्याआधी वाटेतच पकडतात. रक्तातील प्रतिपिंड म्हणजेच हे सुटे बाहू. उंदरांमध्ये आरंभी काही दिवस शांतता आणि मग एकाएकी बळ का दिसते, याचा उलगडा या चित्रात होत होता.

१९०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हा सिद्धान्त चित्रे काढून समजावून दिला. चित्रे काढणे ही त्यांची सवयच होती. रंगीत पेन्सिली खिशात, तीव्र चिरूट ओठांत आणि दुसऱ्या चिरुटांची पेटी बगलेत असा त्यांचा थाट असे. सहकाऱ्यांना रोजच्या कामाच्या सूचना ते रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून पाठवत. त्यांच्या कचेरीत खुर्चीवर बसायचे तर आधी कागदांचे ढीग उचलावे लागत. विरोधकांना मात्र ती चित्रे बालिश वाटली. ज्यूल बोर्दे, माक्स ग्रुबर, स्वांते अऱ्हेनियस अशी वजनदार मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. कोणी पाहिलेलेही नाहीत असे आकडे आणि खोबणी कागदावर काढणे हे विज्ञान नव्हे, असा त्यांचा रोख होता.

एर्लिख थांबले नाहीत. सहकारी युलिउस मोर्गेनरोट यांच्याबरोबर त्यांनी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचे रक्त टोचले. बकऱ्यांनी त्या परक्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे बनवली. आपल्या स्वतःच्या पेशींविरुद्ध मात्र कधीही बनवली नाहीत. ज्या यंत्रणेला जगातील कोणतेही विष ओळखता येते, ती स्वतःच्या मांसावर का उठत नाही? काहीतरी तिला आवरून धरत असले पाहिजे, हे त्यांनी ताडले. हा लगाम सुटला तर शरीर स्वतःचाच घात करील, या भयाला त्यांनी एक लॅटिन नाव दिले, हॉरर ऑटोटॉक्सिकस. लगाम कोठे आहे, हे सांगण्याचे साधन त्या काळात नव्हते.

१९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एर्लिख आणि इल्या मेचनिकॉव्ह यांना विभागून मिळाले. हा योग गमतीचा होता, कारण दोघांचे पक्ष वेगळे होते. जंतूंना गिळणाऱ्या पेशी हेच शरीराचे खरे सैन्य, असे मेचनिकॉव्ह मानत. एर्लिख यांच्या पक्षाचा भर रक्तातील प्रतिपिंडांवर होता. दोघेही खरे होते, हे पुढच्या शतकाने दाखवले.

तोवर एर्लिख नव्या ध्यासाने झपाटले होते. १८९९ पासून त्यांची संस्था फ्रँकफुर्टला होती आणि १९०६ मध्ये फ्रान्झिस्का श्पायर यांच्या देणगीतून शेजारीच रसायनचिकित्सेची संस्था उभी राहिली. प्रतिपिंड जसे नेमक्या शत्रूलाच पकडते आणि बाकीच्या शरीराला इजा करत नाही, तसे माणसाने बनवलेले रसायन का असू नये? आपल्या भाषेत अशा औषधाला रामबाण हा शब्द तयारच आहे. एर्लिख यांनी त्याला जादूची बंदुकीची गोळी म्हटले. सोमलाच्या वर्गातील शेकडो संयुगे त्यांच्या रसायनज्ञांनी बनवली. कितासातो यांच्या संस्थेतून आलेल्या साहाचिरो हाता यांनी १९०९ मध्ये जुनी संयुगे पुन्हा उपदंशाच्या सशांवर तपासली, आणि आधी बाजूला टाकलेले ६०६ क्रमांकाचे संयुग कमालीचे गुणकारी निघाले. बाजारात आणण्यापूर्वी त्याच्या सुमारे ६५ हजार मात्रा डॉक्टरांना विनामूल्य देऊन त्यांचे अहवाल मागवण्यात आले. १९१० मध्ये ते साल्वारसान या नावाने विक्रीस आले.

स्तुतीबरोबर शिव्याशापही आले. औषध टोचणे अवघड होते. हवेत ते बिघडे, चुकीच्या हातांत रुग्ण दगावत. एर्लिख यांनी १९१२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती दिली, प्रत्येक अपघाताची चौकशी केली; तरी ते पैशासाठी माणसांवर प्रयोग करतात, रुग्णालयातील वेश्यांवर सक्तीने औषध टोचले गेले, असे आरोप वृत्तपत्रांतून होत राहिले. त्यांत ज्यूद्वेषाचा विखारही होता. १९१४ मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयात एर्लिख साक्षीला उभे राहिले आणि आरोप करणाऱ्या पत्रकाराला बदनामीबद्दल तुरुंगवास झाला. पण तोवर त्यांची प्रकृती ढासळली होती. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. जर्मनीच्या वागण्याचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या पत्रकावर त्यांचीही सही आहे; पुराव्याशिवाय पाऊल न टाकणारा हा माणूस त्या वेळी लाटेबरोबर वाहिला, हे नोंदवलेच पाहिजे. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

ज्या देशाच्या पत्रकावर सही केली, त्या देशाने वीस-पंचवीस वर्षांनी त्यांना परके ठरवले. नाझी राजवटीत फ्रँकफुर्टमधील त्यांच्या नावाचा रस्ता बदलला गेला, त्यांची स्मृती पुसण्याचा प्रयत्न झाला. हेडविग यांना देश सोडावा लागला आणि १९४८ मध्ये अमेरिकेत त्यांचा मृत्यू झाला. युद्धानंतर नाव परतले. जर्मनीत लसी आणि सीरम यांची तपासणी करणारी राष्ट्रीय संस्था आज पॉल एर्लिख यांच्याच नावाने चालते.

सिद्धान्ताचीही जवळजवळ हीच गत झाली. कार्ल लँडस्टायनर यांनी निसर्गात कधी नव्हतीच अशी कृत्रिम रसायने प्राण्यांना टोचली आणि शरीराने त्यांच्याविरुद्धही नेमकी प्रतिपिंडे बनवली. कालपरवा प्रयोगशाळेत जन्मलेल्या पदार्थासाठी पेशीने लाखो वर्षांपासून बाहू कसा राखून ठेवला असेल? या प्रश्नापुढे एर्लिख यांचे चित्र कोलमडले. प्रतिपिंड आधीपासून नसते, ते शत्रूच्या अंगावर साच्यासारखे घडवले जाते, हे मत १९३० आणि १९४० च्या दशकांत मान्य झाले. लायनस पॉलिंग यांच्यासारखा रसायनज्ञ त्याच्या बाजूने उभा राहिला.

पण साचा शत्रूबरोबर निघून गेल्यावर शरीराला आठवण राहते कशी, याचे उत्तर त्या मतात नव्हते. १९५५ मध्ये नील्स येर्ने आणि १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट व अमेरिकेचे डेव्हिड टॅलमेज यांनी पुन्हा एर्लिख यांच्या वाटेला वळण दिले. बाहू आधीपासूनच असतात. फक्त ते सारे एका पेशीवर नसतात. प्रत्येक पेशीवर एकाच प्रकारचे असतात. शत्रू शरीरात आला की असंख्य पेशींतून ज्या मोजक्या पेशींच्या बाहूत तो बसतो, त्याच पेशी निवडल्या जातात आणि वेगाने विभागून फौज उभी करतात. एर्लिख यांनी वेगळ्या काढून ठेवलेल्या त्या गोल लिम्फोसाइट पेशी म्हणजेच ही फौज. लँडस्टायनर यांच्या प्रश्नाचे उत्तर सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दिले. बी-पेशी घडत असताना तिच्यातील जनुकांचे तुकडे पत्त्यांच्या कॅटाप्रमाणे पिसले जातात आणि प्रत्येक पेशीच्या हाती निराळा डाव येतो. म्हणून थोड्याशा जनुकांतून अगणित आकारांचे ग्राही तयार होतात. कोणता शत्रू येणार हे शरीराला ठाऊक नसते. येईल त्याला बसेल असा एखादा ग्राही त्या पसाऱ्यात बहुधा असतोच.

निवडलेल्या पेशींना वाढायला काही दिवस लागतात. उंदरांच्या पिंजऱ्यातील ती सुरुवातीची शांतता म्हणजे हेच दिवस. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, काही मात्र स्मृती होऊन वर्षानुवर्षे राहतात. म्हणून एकदा गोवर झालेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही. टी-पेशींचे दुसरे दल तर एर्लिख यांच्या कल्पनेबाहेरचे होते. त्या सुट्या विषाला पाहत नाहीत; पेशीने आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवलेले परक्या प्रथिनाचे तुकडे पाहतात. त्यांतील काही रोगग्रस्त पेशींना मारतात, तर काही बी-पेशींना हुकूम देतात. तुकडे मांडून दाखवण्याचे काम ज्या पेशी करतात, त्यांत मेचनिकॉव्ह यांच्या गिळणाऱ्या पेशीही आहेत.

बकऱ्यांनी विचारलेला प्रश्नही आता बराच सुटला आहे. छातीतील थायमस ग्रंथीत टी-पेशींची परीक्षा होते आणि ज्या स्वतःच्या शरीरावर उठतील त्या बहुतांशी तेथेच नष्ट केल्या जातात. जे चुकार निसटतात त्यांना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी असतात. त्यांच्या शोधाबद्दल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लगाम असला पाहिजे हे एर्लिख यांनी ताडले, त्याला सव्वाशे वर्षे होत होती. तो लगाम सुटतो तेव्हा संधिवातासारखे किंवा बालवयातील मधुमेहासारखे विकार जडतात.

आज आपल्याकडे दीड महिन्याच्या बाळाला जी पंचगुणी लस टोचली जाते, तिच्यात घटसर्प आणि धनुर्वात यांची विषे असतात, पण नांगी मोडलेली. पकड शाबूत असल्यामुळे बाळाच्या रक्तातील योग्य पेशी त्यांना ओळखतात आणि ती ओळख जपून ठेवतात. घटसर्पाचे प्रतिविष जगात कोठेही द्यायचे झाले तर त्याची मात्रा आंतरराष्ट्रीय एककांत मोजली जाते, आणि त्या एककाचे मूळ स्टेग्लित्सच्या छोट्या संस्थेत जपलेल्या कोरड्या सीरमच्या नळीत आहे. लस टोचून घेणाऱ्या बाळाच्या आईला एर्लिख हे नाव ठाऊक नसते, आणि तिला ते ठाऊक असण्याची गरजही नाही. घटसर्पाने मुले दगावणारी घरे तिने पाहिलेली नाहीत, एवढे पुरे आहे.